मूळ संहिता आणि तिच्यावरची ठिगळे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



महोत्सव समितीने माझ्यासाठी ‘संगणकयुग आणि आपण’ असा विषय सुचवला होता. एवढ्या विस्तीर्ण विषयावर तासभर बोलता येते आणि श्रोत्यांच्या हाती काहीही न देता खाली बसताही येते. म्हणून समितीच्या संमतीने मी तो पुष्कळ लहान केला आहे. लिनक्स हे नाव आपण ऐकून असाल. शाळांच्या प्रयोगशाळांतील यंत्रांत, इंटरनेट चालवणाऱ्या असंख्य सर्व्हरांत आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही ते आहे. लिनक्सवरची कोणतीही आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून आपल्या यंत्रापर्यंत येते ती तीन रूपांतून: मूळ संहिता, तिच्यावर केलेल्या दुरुस्त्या आणि त्या दोहोंपासून बांधलेले पॅकेज. या तिघांचे परस्परांशी नाते काय, एवढेच मला आज सांगायचे आहे. ते नाते धूसर झाले तेव्हा एकदा जगभरच्या हजारो यंत्रांची कुलुपे निरर्थक ठरली आणि दुसऱ्यांदा तशी ठरता ठरता वाचली. या दोन्ही हकिकती ओघाने येतील.

प्रथम मूळ संहितेविषयी. इंग्रजीत जिला सोर्स कोड म्हणतात ती माणसाने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असते. यंत्राला ती कळत नाही. यंत्रासाठी तिचे रूपांतर करावे लागते, आणि हे काम कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली करते. रूपांतर झाले की लेखकाने दिलेली नावे, टिपा, ‘हे असे का केले’ याचे खुलासे, सारे गळून पडते. उरतात ते यंत्राला द्यायचे हुकूम. त्या हुकमांवरून मागे जाऊन मूळ मजकूर वाचू पाहणे अगदीच अशक्य नाही, पण मोठे जिकिरीचे आहे. म्हणूनच मुक्त आज्ञावलीच्या चळवळीने मूळ संहिता सर्वांना उपलब्ध असावी हा आग्रह सर्वांत आधी धरला.

काटेकोरपणे पाहिले तर लिनक्स म्हणजे केवळ गाभा, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला. त्या गाभ्याभोवती लागणाऱ्या हजारो आज्ञावली वेगवेगळ्या देशांतील वेगवेगळे लोक लिहितात. त्या एकत्र आणून, एकमेकींशी जुळवून वापरणाऱ्याच्या हाती देणाऱ्या संस्थेला आणि तिच्या निर्मितीला ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. आपण ‘वितरण’ म्हणू. मी डेबियन या वितरणाचे उदाहरण घेतो, कारण त्याचा सारा व्यवहार उघड्यावर चालतो. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. जून २०२३ मध्ये निघालेल्या त्याच्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. उबुंटू डेबियनवरच उभे आहे, आणि आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही. म्हणजे चेन्नईत किंवा दिल्लीत एखादा कारकून बॉसवर पत्र टंकलिखित करतो तेव्हा त्याच्या यंत्रात मूळ लेखकाची संहिता, डेबियनची दुरुस्ती आणि तिच्यावर बॉसची दुरुस्ती, असे थरावर थर असू शकतात.

या दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात आणि मराठीत तिला ‘ठिगळ’ याहून नेमका शब्द मला सापडत नाही. पूर्वी संगणकाला हुकूम देण्यासाठी कागदी पट्ट्यांवर भोके पाडीत. भोक चुकीच्या जागी पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. ते अक्षरशः ठिगळच होते. आता कागद गेला, शब्द राहिला. आजचा पॅच म्हणजे एक लहानशी मजकूर-फाइल. तीत वगळायच्या ओळीपुढे वजाचे चिन्ह असते, घालायच्या ओळीपुढे अधिकाचे, आणि आजूबाजूच्या दोनतीन ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात.

या आजूबाजूच्या ओळींतच खरी खुबी आहे. मुद्रितशोधकाला आपण ‘पान १२, ओळ ७’ असे कळवले आणि दरम्यान कोणी आधीच्या पानावर एक परिच्छेद वाढवला, तर आपली सूचना भलत्याच ओळीला लागते. ‘अमुक ओळीनंतर आणि तमुक ओळीपूर्वी जे वाक्य आहे ते बदला’ असे कळवले तर मजकूर थोडा सरकला तरी सूचना योग्य जागी पोहोचते. लॅरी वॉल यांनी १९८५ साली ‘पॅच’ याच नावाची आज्ञावली लिहिली ती याच तत्त्वावर. संपूर्ण ग्रंथ न पाठवता केवळ फरक पाठवायचा आणि तो समोरच्याच्या प्रतीला आपोआप लागावा ही सोय झाली नसती, तर जगभर विखुरलेल्या माणसांनी मिळून एक आज्ञावली लिहिणे त्या काळी फार कठीण गेले असते.

मूळ लेखकाने लिहिलेले वितरणाने बदलावेच कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. कारणे अनेक आहेत. बरीचशी किरकोळ, जसे की फाइली कोणत्या कप्प्यात ठेवायच्या याविषयीचे त्या घराचे रिवाज. एक कारण मात्र महत्त्वाचे आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती निघाली की तिच्यातील आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या सहसा घेतल्या जात नाहीत. कारण नव्या आवृत्तीबरोबर नव्या सोयी येतात आणि नव्या चुकाही. मग सुरक्षेची त्रुटी सापडली तर? तर केवळ त्या त्रुटीपुरती दुरुस्ती नव्या आवृत्तीतून उचलून जुन्या संहितेवर बसवतात.

याचा परिणाम पॅकेजाच्या क्रमांकात वाचता येतो. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे प्रवेश करण्याच्या ओपनएसएसएच या आज्ञावलीत जुलै २०२४ मध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला. डेबियन १२मध्ये तो दुरुस्त करणाऱ्या पॅकेजाचा क्रमांक होता ‘१:९.२पी१-२+डेब१२यू३’. यातील ‘९.२पी१’ हा मूळ लेखकांचा क्रमांक. त्यानंतरचा २ हा डेबियनने त्या संहितेवर केलेल्या संस्कारांचा. ‘डेब१२यू३’ म्हणजे १२व्या आवृत्तीसाठीचा तिसरा अद्ययावत संच. केवळ ९.२ पाहणारा हिशेबतपासनीस ‘ही तर जुनी, सदोष आवृत्ती’ असा शेरा मारतो. वस्तुतः दोष गेलेला असतो आणि त्याची साक्ष त्या शेपटीत असते. सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत या शेपटीवरून किती पत्रव्यवहार होतो हे या क्षेत्रातल्या माजी विद्यार्थ्यांना मी सांगायला नको.

आता हे सारे ठेवतात कसे ते पाहू. माझ्या मते या विषयाचा कणा इथे आहे. डेबियनचे ‘सोर्स पॅकेज’ मुख्यतः तीन फाइलींचे असते. पहिलीत मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेली संहिता, शक्यतो कानामात्रा न बदलता. दुसरीत डेबियनने घातलेले सर्व काही: बांधणीची कृती, परवान्यांची नोंद, बदलांची बखर आणि ‘पॅचेस’ नावाच्या कप्प्यात एकेक ठिगळ स्वतंत्र, कोणते कोणानंतर लावायचे त्या यादीसह. तिसरी फाइल म्हणजे पहिल्या दोहोंचे ठसे नोंदवणारा, स्वाक्षरी केलेला दाखला. प्रत्येक ठिगळाच्या माथ्यावर ते कशासाठी आहे, कोणी केले आणि मूळ लेखकाकडे पाठवले की नाही, हे लिहावे अशी रीत आहे.

मराठी शाळेत वाढलेल्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तो उपकार फार मोठा. परंतु त्यांनी कोणत्या पोथीतला कोणता पाठ टाकला आणि का, हे आज आपल्याला त्या प्रतीवरून कळत नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेला पाठ वर छापला आणि नाकारलेले पाठभेद कोणकोणत्या हस्तलिखितांतले ते खाली नोंदवले. संपादकांचा निर्णय न पटणाऱ्या वाचकाला तो स्वतः फिरवून पाहता येतो. डेबियनचे सोर्स पॅकेज या दुसऱ्या परंपरेतले आहे: ठिगळ काढा, खाली मूळ कापड जसेच्या तसे दिसले पाहिजे.

सोर्स पॅकेज कंपायलरमधून गेले की आपल्या यंत्रावर येणारे पॅकेज तयार होते. त्यात दोन गठडी असतात: एकीत प्रत्यक्ष फाइली, दुसरीत पॅकेजाची माहिती, म्हणजे नाव, क्रमांक आणि त्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात त्यांची यादी. एका सोर्स पॅकेजातून अनेक पॅकेजे निघतात. ओपनएसएसएचच्या एकाच संहितेतून आत येणाऱ्याचे आणि आत घेणाऱ्याचे अशी वेगळी पॅकेजे होतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या तयार पॅकेजात ठिगळे वेगळी दिसत नाहीत. कापड आणि ठिगळ आता एकजीव झालेले असते.

पहिली हकिकत ठिगळाची आहे. ओपनएसएसएल ही संहिता सांकेतिक किल्ल्या तयार करते. किल्ली चोराला ओळखता येऊ नये म्हणून तिच्यात अनिश्चिततेचा भरपूर मसाला लागतो. २००६ साली डेबियनच्या लक्षात आले की व्हॅलग्राइंड हे तपासणीचे साधन या संहितेविषयी तक्रार करते: इथे मूल्य न दिलेली स्मृती वाचली जात आहे. तक्रार खरी होती. तिला कारण ठरणाऱ्या, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी दोन ठिकाणी होत्या. एकीच्या जाण्याने फारसे बिघडणार नव्हते. दुसरीतून मात्र अनिश्चिततेचा जवळजवळ सारा मसाला आत जात असे. दोन्ही बंद करण्यात आल्या. मूळ लेखकांच्या वर्तुळात आधी विचारणा झाली होती, उत्तरही आले होते आणि त्यात हरकत नव्हती; परंतु त्या संपूर्ण दुरुस्तीची उगमाशी कसून पडताळणी झाली नाही.

सप्टेंबर २००६ पासून डेबियनवर आणि उबुंटूसारख्या तिच्या लेकरांवर तयार झालेल्या किल्ल्यांत बदलता घटक उरला तो केवळ चालू आज्ञावलीचा क्रमांक. म्हणजे एका जातीच्या आणि लांबीच्या किल्ल्यांसाठी एका प्रकारच्या यंत्रावर जेमतेम ३२,७६७ शक्यता. एवढ्या किल्ल्या घरच्या संगणकावरही आधीच पाडून ठेवता येतात. लुचियानो बेलो यांनी हा दोष शोधला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. पॅकेज बदलून प्रश्न सुटत नव्हता. वीस महिन्यांत पाडलेली प्रत्येक किल्ली टाकून नवी करावी लागली, आणि डेबियनवर पाडून दुसऱ्याच प्रणालीच्या दाराला बसवलेलीसुद्धा. त्या काळच्या सोर्स पॅकेजांत बहुधा सारे फेरफार एकाच मोठ्या फरक-फाइलीत मिसळून येत. एकेक ठिगळ सुटे, नावानिशी ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक झाली ती नंतर.

ठिगळे वाईट, मूळ संहिता चांगली, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. दुसरी हकिकत त्या मोहाच्या आड येते.

एक्सझेड ही फाइली दाबून लहान करण्याची आज्ञावली. तिचा भार वर्षानुवर्षे एकच गृहस्थ फावल्या वेळात, विनामोबदला वाहत होते. ‘जिया तान’ असे नाव लावणारी एक व्यक्ती, ती कोण हे आजतागायत उघड झालेले नाही, २०२१ पासून मदतीला आली. इतर काही नावांनी ‘कामाला गती नाही, दुसऱ्याला अधिकार द्या’ असा तगादा मूळ लेखकाकडे लावला. दोनअडीच वर्षे सरळ, उपयुक्त काम केल्यावर जिया तानने फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत चोरदरवाजा होता.

तो कसा घातला होता हे पाहिले की आपली तिन्ही रूपे एकत्र दिसतात. संहिता जिथे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते तो गिट-संग्रह एक, आणि प्रसिद्धीसाठी त्यातून बांधतात तो टारबॉल दुसरा. दोहोंत मजकूर सारखाच असतो असे सगळे गृहीत धरून चालतात. वस्तुतः बांधणीला लागणाऱ्या काही फाइली टारबॉलमध्ये जास्तीच्या असतात, आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. विष चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवल्यासारख्या दिसणाऱ्या फाइलींत दडवून संग्रहातच ठेवले होते. ते बाहेर काढणारी कळ मात्र केवळ टारबॉलमधल्या एका बांधणी-फाइलीत होती. म्हणजे डेबियनने कानामात्रा न बदलता जपून ठेवलेली ‘मूळ’ संहिता मूळ नव्हतीच.

पुढे ऐका. ती कळ सरसकट फिरत नसे. बांधणी डेबियनच्या किंवा आरपीएम पद्धतीच्या पॅकेजासाठी चालली आहे का, हे ती आधी पाहत असे. डेबियनच्या कृतीची फाइल शेजारी दिसली तरच पुढे जाई. कुतूहलाने स्वतःपुरती संहिता बांधून पाहणाऱ्याच्या हाती काही लागू नये, हा हेतू उघड आहे. आणि चोराला हवे होते ते दार एक्सझेडचे नव्हते, ओपनएसएसएचचे होते. मूळ ओपनएसएसएचचा एक्सझेडशी काहीही संबंध नाही. संबंध आला तो ठिगळामुळे: ‘मी सुरू झालो’ एवढे सिस्टिमडी या व्यवस्थापकाला कळवता यावे म्हणून डेबियनसह काही वितरणांनी ओपनएसएसएचवर एक निरुपद्रवी पॅच लावला होता. त्या पॅचने सिस्टिमडीचे ग्रंथालय आत आणले आणि त्या ग्रंथालयाने एक्सझेडचे.

हे कळले ते एका माणसाच्या चिकाटीमुळे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवरच्या यंत्रात प्रवेश करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजे अद्ययावत केल्यानंतर व्हॅलग्राइंडने केलेल्या काही विचित्र तक्रारीही त्यांना आठवल्या. होय, तेच व्हॅलग्राइंड. २००६ मध्ये ज्याची तक्रार गप्प करताना कुलूप निकामी झाले, त्याच साधनाची तक्रार २०२४ मध्ये चोराच्या मागावर नेणाऱ्या खुणांपैकी एक ठरली. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारे जाहीर केले. डेबियनची स्थिर आवृत्ती तोपर्यंत बाधित झालेली नव्हती. जुनी संहिता धरून बसण्याच्या ज्या सवयीची थट्टा होते तिनेच इथे वाचवले. अस्थिर आवृत्तीत घाईने परत घातलेल्या जुन्या पॅकेजाचा क्रमांक मोठा गमतीदार होता: ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून ‘नावाला ५.६.१, पण खरोखर ५.४.५’ असे त्या बिचाऱ्याला पाटीवरच लिहावे लागले.

मग विश्वास ठेवायचा कशावर, असे पालक विचारतील. माझे मत असे की तिघांपैकी एकावरही नव्हे. एकातून दुसरे खरोखर निघते का, हे पुन्हा पुन्हा तपासता येण्यावर. २०१३ पासून डेबियनमध्ये ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’चे काम चालू आहे. तीच संहिता, तीच ठिगळे आणि तोच कंपायलर घेऊन दोन अनोळखी माणसांनी दोन ठिकाणी पॅकेज बांधले तर ते शेवटच्या बिटपर्यंत सारखे यावे. ऐकायला हे सोपे वाटते. पण बांधणीची वेळ, कप्प्याचे नाव, फाइलींचा क्रम असल्या क्षुल्लक गोष्टी पॅकेजात झिरपतात आणि त्या एकेक करून काढाव्या लागतात. यातून पॅकेज आणि संहिता यांच्यामधला सांधा तपासता येतो. टारबॉल आणि संग्रह यांच्यामधला सांधा त्याने तपासला जात नाही, आणि एक्सझेडचा घाव नेमका तिथे बसला होता. त्याला उपाय म्हणून टारबॉल सोडून थेट गिट-संग्रहावरून बांधावे, असा विचार आता जोर धरतो आहे. फावल्या वेळात एकट्याने भार वाहणाऱ्या माणसाला मदत कोणी करायची, या प्रश्नाला मात्र कोणतेही साधन पुरे पडत नाही.

आपल्या भाषेचा एक सांधाही यातच आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक बृहन्महाराष्ट्रात वाढलेल्या मुलांना शिकवताना गुरुजनांना किती सायास पडत हे आपण जाणता. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ लिहिण्याची रीत ठरलेली आहे. पण तो पडद्यावर नीट उमटणे फाँटवर आणि अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तेच. संकेतांक हिंदीचाच, वळण फाँटने द्यायचे. अशी उणीव एखाद्या वितरणाने स्वतःपुरत्या ठिगळाने भरली तर ती त्या वितरणात भरते आणि पुढच्या आवृत्तीत ते ठिगळ पुन्हा शिवावे लागते. तीच दुरुस्ती फाँटच्या मूळ फाइलीत गेली तर कालांतराने इंदूर, हैदराबाद आणि बेळगाव इथली सगळी यंत्रे, मग वितरण कोणतेही असो, ते अक्षर बरोबर दाखवतात. ठिगळाच्या माथ्यावरचा ‘उगमाकडे पाठवले का’ हा रकाना मला म्हणूनच सर्वांत मोलाचा वाटतो.

ओपनएसएसएचच्या त्या निरुपद्रवी ठिगळाचे पुढे काय झाले ते सांगतो आणि थांबतो. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या ९.८ या आवृत्तीत मूळ लेखकांनी सिस्टिमडीला कळवण्याची सोय स्वतःच केली, बाहेरचे कोणतेही ग्रंथालय आत न आणता. वर्षानुवर्षे वितरणे जे बाहेरून शिवत होती ते आता कापडातच विणले गेले आहे. प्रयोगशाळेच्या यंत्रांवर जुने आणि नवे अशी दोन्ही सोर्स पॅकेजे उतरवून ठेवण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनी आजच्यापुरती केली आहे. चहापानानंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी मुलांसह तिकडे यावे. ‘पॅचेस’चा कप्पा उघडून आपण दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून पाहू.